बिब, भोगी आणि कापलेली नखं

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे तारीख १५ ते २१ यांपैकी कुठलीतरी. संक्रांत १४ किंवा १५ला. त्यामुळे ४२ किलोमीटर पळणाऱ्या मराठी माणसाच्या शेवटच्या आठवड्यात तिळगुळाचा डबा आडवा येतोच. २०२३ साली तर कहर झाला. शर्यत आणि संक्रांत एकाच दिवशी, १५ जानेवारीला. म्हणजे आदल्या दिवशी भोगी! तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, शेजारी वांगी, पावटे, ओला हरभरा, गाजर घातलेली लेकुरवाळी भाजी. भरपूर चोथा आणि भरपूर स्निग्ध पदार्थ. शर्यतीच्या आदल्या दिवशी जे जे टाळा म्हणून सांगतात, ते सगळं एका ताटात.

त्याच रविवारी इथिओपियाच्या हायले लेमीने २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांत पळून मुंबईचा विक्रम मोडला. त्याने भोगी पाळली नसावी.

गुळपोळीचं काय, हा प्रश्न दरवर्षी येतो. आठवड्याच्या सुरुवातीला खुशाल खा. शुक्रवार-शनिवारी मात्र वरची तुपाची धार आवरा. गूळ आणि कणीक पळणाऱ्याच्या बाजूची. तीळ आणि तूप पोटात रेंगाळणारी.

बसून राहण्याचा सराव

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत सराव कमी करत न्यायचा, याला रनर मंडळी ‘टेपर’ म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. पण चार महिने पहाटे साडेचारला उठून मरीन ड्राइव्ह नाहीतर पाषाणची टेकडी गाठणाऱ्याला ‘आता घरी बस’ म्हणून बघा.

वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडणारं एक संशोधन २००७ साली आलं. त्याचा सांगावा असा: साधारण दोन आठवडे घ्या, अंतर ४१ ते ६० टक्क्यांनी कमी करा, वेग मात्र तोच ठेवा. म्हणजे रोजच्या १० किलोमीटरचे ४-५ करा, पण रमतगमत नको. याने कामगिरी दोन-तीन टक्क्यांनी सुधारते. चार तासांत मॅरेथॉन पुरी करणाऱ्यासाठी ही पाच-सात मिनिटं झाली, आणि तीही कमी पळून! इतकं स्वस्त काही दुसरं मिळत नाही. तरी लोक गुरुवारी ‘जरा पाय मोकळे करतो’ म्हणून १८ किलोमीटर मारून येतात.

दुखणी उगवण्याचा हंगामही हाच. बुधवारी गुडघा, गुरुवारी टाच, शुक्रवारी घसा. यातली बरीचशी दुखणी रविवारी पहाटे आपोआप नाहीशी होतात. सराव चालू असताना शरीराच्या तक्रारी ऐकायला कोणाला वेळ नसतो. आता वेळच वेळ असतो. अर्थात ताप आला किंवा पाय टेकवत नसेल तर डॉक्टरांकडे जा, व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारत बसू नका. तिथे तुम्हाला सतरा जण बर्फ लावायला सांगतील आणि अठरावा शेकायला.

दोन शास्त्रज्ञ, एक सायकल

शर्यतीआधी भात-बटाटे का हाणायचे, याचं उत्तर स्वीडनमध्ये एका सायकलवर मिळालं. योनास बेरीस्ट्रोम आणि एरिक हल्टमन या दोघांनी १९६६ साली स्वतःवरच प्रयोग केला. व्यायामाची एकच सायकल, दोघे दोन बाजूंना. एक जण उजव्या पायाने पेडल मारतोय, दुसरा डाव्या. प्रत्येकाचा दुसरा पाय आरामात. पेडल मारणारा पाय पार थकेपर्यंत हे चाललं. मग दोघांनी तीन दिवस पिष्टमय पदार्थांवर ताव मारला आणि मांड्यांत जाडसर सुई खुपसून स्नायूंचे तुकडे काढून तपासले. थकलेल्या पायात ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंत साठवलेल्या पिष्टाचा, साठा आराम केलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट! माणूस तोच, जेवण तेच, फरक फक्त पायाचा. म्हणजे साठवण्याची किमया स्नायूतच आहे, हे सिद्ध झालं.

पुढे यातून एक जालीम वेळापत्रक निघालं. शर्यतीच्या आठवडाभर आधी दमवणारी लांब पळ, मग तीन दिवस फक्त मांस-अंडी-चरबी, भाताचं शीतसुद्धा नाही, मग तीन दिवस पिष्टाचा मारा. ब्रिटनच्या रॉन हिलने १९६९ साली अथेन्सच्या युरोपियन स्पर्धेत हाच प्रकार करून मॅरेथॉन जिंकली आणि जगभरच्या रनरांच्या स्वयंपाकघरांत धुमाकूळ सुरू झाला. त्या मधल्या तीन दिवसांत माणूस इतका चिडचिडा होतो की घरचे त्याला लवकर पळवून लावायला बघतात. नशीब, पुढे कळलं की उपाशी मारण्याचा हा टप्पा गाळला तरी साठा छान भरतो. आता फक्त शेवटचे दीड-दोन दिवस ताटातला पिष्टाचा वाटा वाढवायचा.

किती? शास्त्र म्हणतं, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १० ते १२ ग्रॅम कर्बोदकं. साठ किलोच्या माणसाला किमान ६०० ग्रॅम. नुसत्या शिजवलेल्या भाताने गाठायचं तर दोन किलोंहून जास्त भात! तो एका दिवसात कोणी खात नाही. म्हणून पोहे, इडली, साबुदाणा, केळी, उसाचा रस, गुळाचा खडा असं दिवसभर वाटून घ्यायचं. एरवी ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणून ज्याची टिंगल होते, ती साबुदाण्याची खिचडी या एका दिवशी शास्त्रशुद्ध ठरते. फक्त दाण्याचं कूट आणि मिरची बेताची.

आणि शनिवारी सकाळी वजनकाट्यावर चढू नका. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. किलो-दीड किलो वाढलेलं दिसणारच. ती चरबी नाही, भरलेला साठा आहे. शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात पाय जड होतील तेव्हा तो कामाला येणार आहे.

नवं ते सगळं कपाटात

शर्यतीआधीच्या प्रदर्शनात, म्हणजे एक्स्पोला, बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला जायचं आणि झळाळते बूट घेऊन परतायचं, हा प्रकार दरवर्षी चालतो. मुंबईत बिब शर्यतीच्या दिवशी मिळतच नाही, आधीच्या दिवसांत एक्स्पोला जाऊनच घ्यावं लागतं, त्यामुळे मोहाच्या दुकानांतून जाणं चुकत नाही. तिथे फिरण्यात तीन तास घालवू नका, पाय रविवारी हिशेब मागतात.

नव्या बुटांवर शेवटचा शब्द अबेबे बिकिलाचा. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या तोंडावर त्याला बूट नीट बसेनात, पायाला बोचायला लागले. सरावात तो अनवाणी पळतच असे. त्याने बूट बाजूला ठेवले, रात्रीच्या रोममधून अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन मोकळा झाला. याचा अर्थ तुम्हीही अनवाणी पळा असा नाही. अर्थ एवढाच, की त्याने त्या दिवशी ‘नवं’ नाकारलं आणि सवयीचं धरलं.

चार वर्षांनी याच बिकिलाचं टोकियो ऑलिंपिकच्या जेमतेम पाच-सहा आठवडे आधी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. आपल्याकडे एवढ्यावर महिनाभर मऊ भात आणि पाहुण्यांची रीघ. तो मात्र बूट घालून उतरला, २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत जिंकला, जागतिक विक्रम केला आणि शर्यत संपल्यावर मैदानात व्यायाम करत बसला. बुधवारचा गुडघा आठवतोय ना?

किरकोळ पण मोलाचं: पायाची नखं गुरुवारीच कापा, सरळ आणि फार खोल नाही. शनिवारी रात्री कापली आणि एखादं जिव्हारी गेलं तर २५व्या किलोमीटरला ते आठवण करून देतं. काखेत, मांड्यांत व्हॅसलिन. पुरुषांनी छातीवर दोन चिकटपट्ट्या लावायला लाजू नये. घामाने ओला टी-शर्ट चार तास घासला की पांढऱ्या कापडावर दोन लाल रेघा उतरतात आणि अंतिम रेषेवरचा फोटो घरात लावता येत नाही.

शनिवारी संध्याकाळी पलंगावर सगळं मांडायची पद्धत आहे. टी-शर्ट, चड्डी, मोजे, टोपी, जेलची पाकिटं, आणि बिबला चार कोपऱ्यांत चार सेफ्टी पिना. मांडल्यावर आत माणूस नसलेला माणूस दिसतो. त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, हा आता विधीच झालाय. मागून आईचा आवाज येतो, “अरे, एवढं सगळं करून बक्षीस किती मिळतं?” यावर मॅरेथॉन पळणाऱ्या एकालाही आजवर चांगलं उत्तर सापडलेलं नाही. बक्षीस मिळत नाही, उलट आपणच फी भरतो, हे तर सांगायचंच नसतं.

पाणी: कमी की जास्त?

१९०४, सेंट लुईस ऑलिंपिक. ३२ अंशांचा उकाडा, रस्ताभर धूळ, आणि संयोजकांना बघायचं होतं की पाणी न पिता माणूस किती पळतो. वाटेत पाणी जवळपास नाहीच. ३२ जण सुटले, १४ पोचले. विजेता थॉमस हिक्सला त्याच्या माणसांनी अंड्याचा बलक नसलेला पांढरा भाग, ब्रँडी आणि चक्क स्ट्रिकनीन पाजून ओढत आणला. स्ट्रिकनीन म्हणजे उंदराच्या औषधातलं विष!

शेवटच्या दिवसांची तयारी कशी नसावी, याचा नमुनाही तिथलाच. क्यूबाचा फेलिक्स कारवाहाल नावाचा पोस्टमन. प्रवासाचे पैसे तो वाटेत न्यू ऑर्लिन्सला जुगारात हरला, कसाबसा सेंट लुईसला पोचला, सुरुवातीच्या रेषेवर त्याची लांब विजार कोणीतरी गुडघ्यापर्यंत कापून दिली. वाटेत भूक लागली म्हणून बागेतली सफरचंदं खाल्ली, ती बाधली. तरी पठ्ठ्या चौथा आला.

पुढे बऱ्याच वर्षांनी ‘पाणी प्या, पाणी प्या’ असा घोष सुरू झाला आणि गाडं उलट बाजूला कललं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं. १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम घसरलेलं, आणि मुख्य कारण वाटेत जास्त प्यायलेलं पाणी. म्हणून शनिवारी बाटल्यांवर बाटल्या रिचवू नका. तहान लागेल तसं प्या. जेवणात मीठ नेहमीसारखं ठेवा, लोणच्याची एखादी फोड चालेल.

प्रवास

शर्यतीसाठी बाहेरगावाहून यायचं म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हे ऐका. १९१२ साली जपानचा शिझो कानाकुरी ऑलिंपिक मॅरेथॉनसाठी स्टॉकहोमला निघाला. आधी बोट, मग सायबेरिया ओलांडणारी रेल्वे, असा १८ दिवसांचा प्रवास. शर्यतीत उन्हाने कोसळला, एका घरात आसरा घेतला आणि कोणाला न सांगता मायदेशी गेला. स्वीडिश दफ्तरात तो बेपत्ता. १९६७ साली त्याला बोलावून अंतिम रेषा ओलांडायला लावली. वेळ नोंदली गेली ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं, २०.३ सेकंद.

आपला गडी त्याहून बरा निघाला. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं दोराबजी टाटांनी पाहिली आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवायचं मनावर घेतलं. त्यातला बेळगावकडचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटांत १९वा आला. अँटवर्पचा मार्ग ऑलिंपिकच्या इतिहासातला सगळ्यांत लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरांचा होता, हेही लक्षात घ्या. आज मुंबई मॅरेथॉनच्या नावाआधी ‘टाटा’ लागतं, त्याच्या किती आधीची ही गोष्ट!

शनिवारची रात्र, रविवारची पहाट

झोप येणार नाही. नवाला आडवं व्हा, दोनला गजर, मध्ये पाच वेळा घड्याळ. एका रात्रीच्या जागरणाने पायातलं बळ जात नाही, शुक्रवारची झोप नीट झालेली असली की भागतं. पहाटेच्या खास लोकल सुटतात. आरशात स्वतःला बघून हसावं असा तो डबा असतो. सगळ्यांच्या छातीवर नंबर, हातात केळं, आणि एकही जण झोपलेला नाही. सीएसएमटीला उतरलं की पहिली रांग शौचालयाची. तिथे लाज सोडा. पॉला रॅडक्लिफने २००५ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये जगासमोर, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर रस्त्याच्या कडेला बसून काम उरकलं, उठली आणि २ तास १७ मिनिटं ४२ सेकंदांत जिंकली.

वेग किती ठेवायचा, हे पळता पळता कोणाला विचारू नका. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये एमिल झाटोपेक आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन पळत होता. त्याने जगातल्या सर्वांत वेगवान मॅरेथॉनपटूला, जिम पीटर्सला, वेग बरोबर आहे का असं विचारलं. पीटर्स त्याला दमवायला म्हणाला, फारच हळू आहे. झाटोपेकने ते खरं मानलं आणि वेग वाढवला. पीटर्सला शर्यत सोडावी लागली, झाटोपेकला त्या ऑलिंपिकमधलं तिसरं सुवर्ण.

आणि शेवटी घड्याळ ४२.८ दाखवेल तेव्हा संयोजकांशी भांडू नका. मार्ग सायकलने मोजतात, पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र लावून. १९७१ मध्ये ॲलन जोन्सने ते आपल्या मुलाच्या मदतीने बनवलं. मोजणारा प्रत्येक वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, म्हणजे सगळ्यांत आखूड वाटेने जातो. शिवाय मार्ग चुकून आखूड पडू नये म्हणून हजारी एक, म्हणजे ४२ मीटर, मुद्दाम जास्त धरतात. आपण मात्र सेल्फीसाठी, पाण्यासाठी आणि ढोलताशाच्या पथकाकडे बघत रस्ताभर डावी-उजवी करत जातो. ते जादाचे मीटर आपल्याच खात्यावर.