लोखंडी सांगाड्याचे हॉटेल

वाळवे तालुक्यातील आष्ट्यासारख्या गावांतून फिरताना जुने वाडे लक्षपूर्वक पाहावेत. अशा वाड्याचे माळवद पुष्कळदा भिंतींवर टेकलेले नसते. ते तुळयांवर असते, तुळया लाकडी खांबांवर असतात आणि खांब दगडी तळखड्यांवर उभे असतात. म्हणूनच अतिवृष्टीने एखादी भिंत ढासळली, तरी घर उभे राहते.

हीच रीत लाकडाऐवजी लोखंडात उतरली म्हणजे काय होते, हे मुंबईस काळा घोडा भागात दिसते. तेथे जॉन वॉटसन या इंग्रज कापडव्यापाऱ्याने १८६७ ते १८६९ या काळात एक पाच मजली इमारत उभारली. हेच वॉटसनचे हॉटेल होय. तिचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याने केला. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाचे प्रचंड छप्पर उभारण्यातही त्याचा हात होता.

नवल असे की, या हॉटेलचा सांगाडा इंग्लंडात घडला. सुटे भाग जहाजांतून आणून मुंबईस जोडण्यात आले. सुवेझचा कालवा १८६९ च्या नोव्हेंबरात खुला झाला. तोपर्यंत असा जड माल आफ्रिकेला वळसा घालून येत असे.

ओतीव लोखंड ताणले असता तडकते, परंतु दाब मात्र फार सोसते. त्यामुळे त्याचा सडपातळ खांबही वरच्या मजल्यांचा भार पेलतो. भार खांबांनी घेतला म्हणजे भिंतींस जाड असण्याचे कारण उरत नाही. येथील विटा केवळ सांगाड्यातील मोकळी जागा भरून काढतात. बाहेर रुंद सज्जे आणि मध्यभागी काचेच्या छपराचे दालन होते. आपल्या वाड्याचा चौकच जणू! शिकागो येथे सांगाड्यावर उभारलेली पहिली प्रसिद्ध उंच इमारत १८८५ साली पुरी झाली. मुंबईची ही इमारत त्याआधीची आहे.

या हॉटेलात युरोपीय लोकांनाच प्रवेश असे. येथेच ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवण्यात आली. हिंदुस्थानातील चित्रपटाचा तो पहिला खेळ.

पुढे हॉटेल बंद पडले. दालनांत आडभिंती घालून लहान लहान खोल्या पाडण्यात आल्या. समुद्राची खारी हवा आणि छपरातून झिरपणारे पाणी यांनी लोखंडास गंज चढला. २००५ साली सज्जाचा भाग कोसळून एक मनुष्य मरण पावला. २०१९ साली रहिवाशांना बाहेर काढण्यात आले. इमारत पाडावी, असे काही अभियंत्यांचे मत पडले. ती वाचवता येईल, असे वास्तुजतन करणाऱ्यांनी प्रतिपादिले. दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. वाड्याचा किडका खांब धिरा देऊन बदलता येतो. गंजलेला लोखंडी खांबही तसाच बदलता येईल. मात्र पावसाळे वाढतील, तसतसे बदलावयाचे खांबही वाढत जातील.