अणू कुठला, घरचा की शाळेचा?

शनिवारची सकाळची शाळा सुटली की नववी-दहावीच्या मुलांना मी तासभर इंग्रजी वाचायला बसवते. तालुक्याचे गाव आहे. निम्मी मुले मराठी माध्यमाची, निम्मी कन्नड माध्यमाची, आणि घरी बहुतेकांच्या दोन्ही भाषा. गेल्या पावसाळ्यात एकदा मी फळ्यावर पाण्याचा एक मोठा थेंब काढला आणि विचारले, "या पाण्याच्या सगळ्यात लहान कणाला काय म्हणायचे?"

कन्नड माध्यमाचा एक मुलगा लगेच म्हणाला, "अणु."

त्याच्याच आत्याची मुलगी पलीकडच्या बाकावर होती, मराठी माध्यमाची. ती म्हणाली, "चूक. रेणू. अणू हायड्रोजनचा असतो, ऑक्सिजनचा असतो."

"हायड्रोजनचा परमाणु असतो, मिस. हिला काही येत नाही."

दोघेही आपापली पुस्तके घेऊन माझ्या टेबलाशी आले. आणि वाचकहो, दोघांचेही बरोबर होते. मराठीत ज्याला आपण अणू म्हणतो, त्याला कन्नड पुस्तकात परमाणु म्हणतात. आणि मराठीतला रेणू म्हणजे कन्नडमधला अणु. शब्द एकच, उच्चारही जवळजवळ एकच, पण एका पुस्तकात तो सुटा मणी आहे आणि दुसऱ्यात ओवलेली माळ. मी फळ्यावर दोन इंग्रजी शब्द लिहिले, ऍटम आणि मॉलिक्यूल, आणि एकेका शब्दाखाली दोन्ही भाषांचे शब्द मांडले. भांडण मिटले. मला मात्र रात्री झोप लागेना, कारण हे भांडण माझे जुने होते.

मी १९९५ साली मराठी माध्यमातून एसएसएलसी झाले. विज्ञानात गुण चांगले होते म्हणून वडिलांनी हौसेने पीयूसीला सायन्सला घातले. तिथे सगळे इंग्रजीत. समजले नाही की शेजारच्या कन्नड माध्यमाच्या मैत्रिणीला विचारायचे, आणि ती बिचारी आपल्या शब्दांत समजावून सांगायची. ती म्हणायची 'शक्ति', मला वाटायचे पॉवर. ती सांगत असायची एनर्जी. मराठीत एनर्जी म्हणजे ऊर्जा आणि पॉवर म्हणजे शक्ती. कन्नडमध्ये एनर्जी म्हणजे शक्ति आणि पॉवर म्हणजे सामर्थ्य. आम्ही दोघी तासन्‌तास मन लावून चुकीचा अभ्यास केला. सहामाहीत मी भौतिकशास्त्रात नापास झाले. आमच्या एका प्राध्यापकांनी भर वर्गात सांगितले, "बाई, तुम्ही आर्ट्सला जा." मी गेले, एम.ए. झाले, आज इंग्रजी शिकवते. तक्रार नाही. पण त्या वर्षी मला विज्ञान येत नव्हते असे नाही, हे कळायला मला पंचवीस वर्षे लागली.

आपल्या बीदर-गुलबर्ग्याच्या पट्ट्यातल्या घरांत हा घोळ रोज होतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण दोन्ही भाषांनी शास्त्रीय शब्द संस्कृतच्या एकाच कोठारातून आणले. डबे तेच, पण आतला जिन्नस वेगळा. सगळ्यात मोठा गोंधळ धातूंचा. मराठीत धातू म्हणजे मेटल आणि लोह म्हणजे लोखंड. कन्नडमध्ये लोह म्हणजे कुठलाही मेटल, लोखंडाला कब्बिण. आणि धातु म्हणजे एलिमेंट, ज्याला आपण मूलद्रव्य म्हणतो. म्हणजे कन्नड माध्यमाचा मुलगा 'ऑक्सिजन हा धातु आहे' असे म्हणाला, तर तो बरोबर बोलतो आहे, आणि मराठी शिकवणीचे सर त्याच्या पाठीत धपाटा घालतील! हिंदी तिसरी भाषा म्हणून असतेच. ती गावच्या पंचासारखी, अणूच्या बाबतीत कन्नडच्या बाजूने आणि धातूच्या बाबतीत मराठीच्या.

म्हणून माझे म्हणणे असे की, आपल्या मुलांनी इंग्रजी शिकायला व्याकरणाच्या गाइडपासून सुरुवात करू नये. काळांचे तक्ते पाठ होतात आणि पुढच्या पावसाळ्यात वाहून जातात. आठवी-नववीपासून त्यांच्या हाती सोप्या इंग्रजीतले विज्ञानाचे उतारे द्यावेत, आणि तेही आपल्या आजूबाजूच्या वस्तूंवरचे. असे उतारे तयार मिळत नाहीत. इंग्रजी वाचनमालेत पेंग्विन असतो, ज्वालामुखी असतो, चंद्रावरचा माणूस असतो. ते असावेच. पण मुलाला गोष्ट अगोदर ठाऊक असेल, तर नवा शब्द लवकर बसतो. मी उतारे स्वतःच लिहिते, दहा-बारा ओळींचे, आणि झेरॉक्स काढून वाटते.

पहिला उतारा बिदरीवर होता. बीदरच्या घरात बिदरीची एक तरी डबी, नाहीतर लग्नात आलेली फुलदाणी असते. ती कशाची, हे मात्र विचारून पाहा. मुलांनी सांगितले लोखंडाची, कारण ती काळी आणि जड. कन्नड पुस्तकात अलॉयला मिश्रलोह म्हणतात, त्यामुळे मराठी पोरांची तर खात्रीच पटली. प्रत्यक्षात बिदरीत लोखंड वापरतच नाहीत. साधारण सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे वितळवून ओततात. ओतलेले भांडे काळे नसतेच, राखी-पांढरे असते. नक्षी दिसावी म्हणून त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवून ते तात्पुरते काळे करतात, कोरतात, कोरलेल्या जागी चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात आणि घासून पुन्हा उजळ करतात. आता चांदी आणि जस्त सारखेच दिसते, सगळे कष्ट फुकट गेल्यासारखे! मग किल्ल्यातली माती येते. जुन्या बांधकामाच्या आडोशाची, ऊन-पाऊस न लागलेली माती कारागीर जिभेवर चव घेऊन निवडतात, नवसागराबरोबर पाण्यात कालवतात आणि भांडे किंचित तापवून त्यावर चोळतात. जस्त-तांब्याचा भाग काळाकुट्ट होतो, चांदीला काही होत नाही.

या एका उताऱ्यात मुलांना किती शब्द मिळाले पाहा. अलॉय, मेल्ट, मोल्ड, एन्ग्रेव्ह, सोल्यूशन, रिअ‍ॅक्ट. 'सोल्यूशन' म्हणजे गणिताचे उत्तर एवढेच त्यांना माहीत होते, मोरचुदाचे पाणीही सोल्यूशनच हे त्या दिवशी कळले. 'चांदीला काही होत नाही' हे इंग्रजीत कसे सांगायचे यावर दहा मिनिटे गेली, शेवटी एका मुलीने 'सिल्व्हर डझ नॉट रिअ‍ॅक्ट' असे तीनचार शब्दांत उरकले. बिदरीला २००६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०२३ साली बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, हे त्यांना सांगितले. पण मुलांना कौतुक वाटले ते मातीची चव घेण्याचे.

दुसरा उतारा नौबादच्या करेजवर. बहमनी काळात, पंधराव्या शतकात, इराणी पद्धतीने खोदलेला हा जमिनीखालचा पाण्याचा बोगदा, वरून ठिकठिकाणी उभ्या विहिरी पाडलेला. पंप नाही, मोट नाही. जांभ्यातून झिरपलेले पाणी हलक्या उतारावरून आपोआप चालत जाते. इथे मला इंग्रजीचे तीन शब्द शिकवायचे होते: सीप, लीक आणि फ्लो. मुले म्हणाली, "तिन्ही एकच, पाणी येणे." मी विचारले, घागर काय करते? "गळते." नदी? "वाहते." आणि उन्हाळ्यात झऱ्याला पाणी कसे येते? "पाझरते." कन्नडवाल्यांनी न विचारताच त्यांचे तीन शब्द सांगितले, सोरोदु, हरियोदु, जिनुगोदु. म्हणजे फरक पोरांना बारशापासून ठाऊक होता. इंग्रजीने फक्त नाव दिले.

आणि जांभ्याची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात हा दगड पाहिला. ओला असताना तो कुऱ्हाडीने विटांसारखा कापता येतो आणि वाऱ्यावर कडक होतो, म्हणून १८०७ साली त्याने लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट नाव दिले. आपल्या कन्नडमध्ये जांभ्याला जंबिट्टिगे म्हणतात, आणि त्यातही इट्टिगे, म्हणजे वीट, बसलेली आहेच!

तिसऱ्या उताऱ्याच्या वेळी मात्र हसू आले नाही. विषय होता भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. मी नववीत होते. आदल्या रात्री गणपती बोळवून सगळे दमून झोपले होते. बसवकल्याण तालुक्यातल्या आमच्या घरी फळीवरची पितळी भांडी खाली आली आणि आज्जीने मला फरफटत अंगणात आणले. किल्लारी आमच्यापासून लांब नाही. दिवस वर आला तशा बातम्या येत गेल्या. सुमारे दहा हजार माणसे गेली.

उताऱ्यात मी लिहिले होते की, भूकंप 'फॉल्ट'मुळे होतो. एका मुलाने हात वर केला. "मिस, कुणाचा फॉल्ट?"

दोघे-तिघे हसले. तो हसला नाही. त्याच्या आज्जीचे माहेर त्या बाजूचे, माहेरचे एकही माणूस उरले नव्हते, हे मला नंतर कळले. मी सांगितले, इथे फॉल्ट म्हणजे चूक नव्हे. जमिनीखालच्या खडकातली भेग, जिच्या दोन्ही बाजू एकमेकींवरून सरकतात. ही जागा भारतीय प्लेटच्या काठावर नाही, पार आत आहे, म्हणून इतका मोठा धक्का, ६.२ रिश्टरच्या आसपासचा, तिथे बसेल असे शास्त्रज्ञांनाही वाटले नव्हते. ही झाली एका अर्थाची गोष्ट. पण मग दुसऱ्या अर्थानेही बोलावे लागले. घरांच्या भिंती जाडजूड दगडांच्या, सांध्यांत नुसती माती, वर लाकडी माळवद आणि त्यावर मातीचा भार. माणसे त्याखाली गेली. कमी-अधिक तेवढ्याच ताकदीच्या भूकंपात चांगल्या बांधलेल्या घरांतली माणसे वाचतात. खडकाच्या फॉल्टला कुणी जबाबदार नसते, बांधकामाच्या फॉल्टचे तसे नाही. त्या मुलाने दोन्ही अर्थ वहीत एकाखाली एक लिहिले. इंग्रजीचा इतका गंभीर तास मी पदवीच्या वर्गातही घेतलेला नाही.

काही पालक मला विचारतात, "मॅडम, मग इंग्लिश मीडियमलाच घालावं का?" ज्याची ऐपत आणि इच्छा आहे त्याने घालावे. पण एक अनुभव सांगते. इंग्रजी माध्यमाची दोन मुले माझ्याकडे यायची. त्यांना 'नायट्रोजन फिक्सेशन' तोंडपाठ होते, पण आपल्या तुरीचे रोप उपटून मुळाच्या गाठी दाखवल्या, तेव्हा ती म्हणाली, "रोग पडला आहे." त्या गाठींत रायझोबियमचे जिवाणू असतात आणि ते हवेतला नायट्रोजन पिकाच्या उपयोगाचा करतात, हीच ती 'फिक्सेशन'. गुलबर्ग्याच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्या जिल्ह्यातल्या पोरांना तोगरीचे मूळ ओळखू येऊ नये, याचे मला वाईट वाटले. शेतातल्या गड्याला गाठी माहीत होत्या, शब्द माहीत नव्हता.

घरी एवढे करून पाहा. मुलाने वाचलेला इंग्रजी उतारा त्याला आज्जीला मराठीत आणि अप्पांना कन्नडमध्ये सांगायला लावा. तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी चालेल. तो जिथे अडखळेल तिथे त्याला समजलेले नाही, एवढे ओळखता आले की पुरे. आणि एक चार रकान्यांची वही करा: इंग्रजी, मराठी, कन्नड, आणि चौथ्यात ती वस्तू आपल्या गावात कुठे दिसते ते. चौथा रकाना रिकामा सोडायचा नाही.

सेडमकडच्या मुलांसाठी मी सध्या मळखेडचा उतारा लिहिते आहे. नवव्या शतकात अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला, त्यात ऋण संख्येला वर्गमूळ नसते हे स्पष्ट सांगितले. ग्रंथ संस्कृतात. एम. रंगाचार्यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९१२ साली मद्रासला छापले गेले. म्हणजे मळखेडच्या मुलाला आपल्या गावचे गणित वाचायला आज इंग्रजी उपयोगी पडते.

ती मामे-आते भावंडे आता दहावीत आहेत. वही दोघांत एकच, कारण रकाने एकट्याने भरत नाहीत. परवा ती माझ्याकडे नवा तंटा घेऊन आली. 'स्पीड'ला मराठीत चाल, कन्नडमध्ये जव. 'व्हेलॉसिटी'ला दोन्हीकडे वेग. "मिस, हा एक शब्द दोन्हीकडे सारखाच कसा?" मुलगी संशयाने विचारत होती. मी पुस्तके तपासली, सारखाच होता. चौथ्या रकान्यात मुलाने लिहिले होते, "हुमनाबादकडे जाणारी बस." मुलीने 'हुमनाबादकडे'खाली रेघ मारली होती, कारण व्हेलॉसिटीला दिशा लागते.