‘चर्चबाहेर तारण नाही’ म्हणणाऱ्या फादरना चर्चनेच बाहेर का काढलं?

साल 1953. अमेरिकेतल्या बोस्टन भागात लिओनार्ड फीनी नावाचे एक कॅथलिक फादर होते. चांगले लेखक, त्याहून चांगले वक्ते. हार्वर्ड विद्यापीठाच्या जवळच्या एका कॅथलिक केंद्रात त्यांना ऐकायला तरुणांची गर्दी व्हायची. त्यांचं म्हणणं एकदम सरळ होतं : कॅथलिक चर्चमध्ये नसलेल्या माणसाचं तारण होणार नाही. तो कितीही सज्जन असला तरी.

हे वाक्य फीनींनी स्वतः बनवलेलं नव्हतं. ‘चर्चबाहेर तारण नाही’ हे सूत्र तिसऱ्या शतकातल्या बिशप सिप्रियन यांच्यापर्यंत मागे जातं. 1442 साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेनेही ते कडक शब्दांत मांडलं होतं. तरीही 1949 मध्ये रोमहून बोस्टनच्या आर्चबिशपांना पत्र आलं, की फीनी या सूत्राचा लावतात तो अर्थ चर्चचा नाही. फीनी मागे हटले नाहीत. रोमने बोलावलं, ते गेले नाहीत. शेवटी फेब्रुवारी 1953 मध्ये त्यांना बहिष्कृत करण्यात आलं. कागदोपत्री कारण होतं आज्ञाभंग.

म्हणजे चर्चबाहेर तारण नाही, असं सांगणारा माणूसच चर्चच्या बाहेर.

गंमत वाटते, पण यामागचा प्रश्न गमतीचा नाही. तेव्हाचे बोस्टनचे आर्चबिशप रिचर्ड कशिंग यांच्या बहिणीचे पती ज्यू होते. आपल्या घरातला, आपल्या पंक्तीला बसणारा माणूस केवळ धर्म वेगळा म्हणून देवापासून कायमचा दुरावणार का? दोन हजार वर्षं ख्रिस्ती लोक याच प्रश्नाशी झगडतायत. आणि त्याचं एकच उत्तर त्यांच्याकडे नाही.

आधी, ‘तारण’ म्हणजे काय?

मराठीत तारण म्हटलं की पहिल्यांदा आठवतं बँकेचं कर्ज आणि गहाण ठेवलेलं सोनं. पण मराठी बायबलमध्ये हा शब्द ‘तारणे’, म्हणजे बुडणाऱ्याला वाचवणे, या अर्थाने येतो.

तो मोक्षापेक्षा वेगळा आहे. मोक्ष म्हणजे जन्म-मरणाच्या फेऱ्यातून सुटका. ख्रिस्ती विचारात पुनर्जन्माचा फेरा नाही. तिथे अडचण आहे ती पापाची, कारण पापामुळे माणूस देवापासून तुटला आहे. ते नातं पुन्हा जोडलं जाणं आणि मृत्यूनंतर देवाच्या सान्निध्यात अनंत जीवन मिळणं, म्हणजे तारण. हे येशू ख्रिस्तामुळे शक्य होतं, यावर जवळपास सगळ्या पंथांचं एकमत आहे. वाद आहे तो पुढच्या भागावर : माणसाने काय करायचं?

एकच प्रश्न, वेगवेगळी उत्तरं

गोंधळाचं मूळ बायबलमध्येच सापडतं. नव्या करारात हा प्रश्न लोक वेगवेगळ्या प्रसंगी थेट विचारतात आणि दर वेळी उत्तर वेगळं मिळतं.

- फिलिप्पै शहरातला तुरुंगाधिकारी पौलाला विचारतो, माझं तारण होण्यासाठी मी काय करू? उत्तर येतं, प्रभू येशूवर विश्वास ठेव.
- यरुशलेममधला जमाव पेत्राला विचारतो, आम्ही काय करावं? उत्तर येतं, पश्चात्ताप करा आणि बाप्तिस्मा घ्या.
- एक श्रीमंत माणूस येशूलाच विचारतो, अनंत जीवन मिळवण्यासाठी काय करू? येशू त्याला आज्ञांची आठवण करून देतो आणि सांगतो, सगळं विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये.
- मत्तयाच्या शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाचं वर्णन आहे. तिथे निवाडा होतो तो भुकेल्याला अन्न दिलं का, तुरुंगातल्याला भेटायला गेलात का, यावर.
- आणि येशूच्या शेजारी क्रूसावर खिळलेला तो गुन्हेगार? त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही, सत्कर्मं करायला वेळ उरलेला नाही. तो फक्त म्हणतो, माझी आठवण ठेव. येशू त्याला त्याच दिवशी स्वर्गसुखाचं वचन देतो.

विश्वास, बाप्तिस्मा, त्याग, सेवा की नुसती हाक? कुठल्या प्रसंगाला मध्यभागी ठेवायचं आणि बाकीचे त्याच्या प्रकाशात कसे वाचायचे, यावरून पंथांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

वाद पहिला : विश्वास की सत्कर्मं?

31 ऑक्टोबर 1517. जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये मार्टिन ल्यूथर या धर्मगुरूने 95 मुद्दे मांडले. निमित्त होतं ‘इंडल्जन्स’चं. पापाबद्दल भोगावी लागणारी शिक्षा कमी करणारी ही पत्रं तेव्हा पैसे घेऊन दिली जात होती. त्यातला पैसा रोममधल्या सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या बांधकामाला जात होता.

ल्यूथरचा निष्कर्ष पुढे आणखी धारदार झाला. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो केवळ विश्वासाने. नव्या कराराच्या जर्मन भाषांतरात, रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, त्याने ‘केवळ’ हा शब्द घातला. मूळ ग्रीकमध्ये तो नाही. टीका झाली तेव्हा अर्थासाठी आणि जर्मन भाषेच्या धाटणीसाठी तो हवाच, असं त्याने ठणकावून सांगितलं. अडचण अशी, की ‘केवळ विश्वासाने’ ही शब्दयोजना नव्या करारात एकदाच येते. तीही याकोबाच्या पत्रात, आणि तिथे म्हटलंय की केवळ विश्वासाने नाही, तर कृतीनेही माणूस नीतिमान ठरतो.

कॅथलिक चर्चने 1547 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेत उत्तर दिलं : सुरुवात देवाच्या कृपेनेच होते, ती कुणी कमवू शकत नाही. पण माणसाने त्या कृपेला साथ द्यायची असते. विश्वासाला प्रेमाची आणि कृतीची जोड हवी.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. ‘पुण्य साठवा आणि स्वर्गाचं तिकीट काढा’ ही कॅथलिक शिकवण नाही. आणि ‘विश्वास ठेवा, मग कसंही वागा’ ही प्रोटेस्टंट शिकवण नाही. प्रोटेस्टंटांच्या मते सत्कर्मं हे खऱ्या विश्वासाचं फळ आहे. झाड जिवंत असेल तर फळ येणारच, पण फळामुळे झाड जिवंत होत नाही.

हा वाद कुठवर आला? 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लुथरन वर्ल्ड फेडरेशनने संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. या विषयाच्या मूलभूत सत्यांवर आपलं एकमत आहे आणि सोळाव्या शतकात एकमेकांना दिलेले दोष आजच्या मांडणीला लागू होत नाहीत, असं दोघांनी मान्य केलं. 2006 मध्ये मेथडिस्ट आणि 2017 मध्ये रिफॉर्म्ड चर्चेसही त्यात सामील झाल्या. सगळेच खूश नव्हते. सह्या होण्याआधीच जर्मनीतल्या शंभराहून अधिक प्रोटेस्टंट प्राध्यापकांनी विरोध नोंदवला होता.

वाद दुसरा : बाप्तिस्मा झालाच नाही तर?

कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन आणि अँग्लिकन घरांत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो. पाण्याच्या या संस्कारातून देव खरोखर काहीतरी देतो, ही त्यामागची श्रद्धा. बॅप्टिस्ट आणि बहुतेक पेंटेकोस्टल मंडळी म्हणतात, आधी विश्वास, मग बाप्तिस्मा. बाळ विश्वास कसा ठेवणार? त्यांच्या दृष्टीने बाप्तिस्मा ही आज्ञा आहे, साक्ष आहे, पण तारण त्यावर अडलेलं नाही.

आज हा मतभेद शांतपणे चालतो. एकेकाळी तो जिवावर बेतायचा. 1525 मध्ये झुरिकमध्ये काही जणांनी लहानपणचा बाप्तिस्मा नाकारून मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यापैकी फेलिक्स मान्झ यांना जानेवारी 1527 मध्ये शहराच्या सत्तेने लिम्माट नदीत बुडवून मारलं. पाण्याचा गुन्हा, पाण्याचीच शिक्षा. आणि ती देणारी सत्ता कॅथलिक नव्हती, प्रोटेस्टंट होती.

दुसऱ्या टोकाला आहे साल्वेशन आर्मी, म्हणजे महाराष्ट्रातल्या लोकांना ठाऊक असलेली मुक्ती फौज. 1882 मध्ये ती मुंबईत आली. ही फौज बाप्तिस्मा देतच नाही. आतला बदल महत्त्वाचा, बाहेरचा विधी आवश्यक नाही, ही तिची भूमिका.

पण या वादाची सगळ्यात दुखरी जागा होती बाप्तिस्म्याआधी दगावलेली बाळं. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने त्यांनाही, सौम्य का होईना, शिक्षा भोगावी लागते असं म्हटलं. मध्ययुगातल्या विचारवंतांना ते फार कठोर वाटलं. त्यातून ‘लिंबो’ची कल्पना रुजली : तिथे यातना नाहीत, पण देवाचं दर्शनही नाही. याचे परिणाम पुस्तकापुरते राहिले नाहीत. कित्येक ठिकाणी अशा बाळांना चर्चच्या पवित्र दफनभूमीत जागा मिळायची नाही. बाळ गमावलेल्या आईला वर हेही सोसावं लागायचं.

लिंबो हा कॅथलिक चर्चचा अधिकृत सिद्धान्त कधीच नव्हता. 2007 मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशशास्त्र आयोगाने सांगितलं, की अशा बाळांचं तारण होतं अशी आशा धरायला भक्कम आधार आहे. शब्द नीट बघा. ‘खात्री’ नाही, ‘आशा’.

वाद तिसरा : मिळालेलं तारण हातचं जाऊ शकतं का?

जॉन कॅल्विनच्या परंपरेत उत्तर आहे, नाही. कुणाला तारायचं हे देवाने आधीच ठरवलंय आणि ज्याला त्याने धरलं त्याला तो सोडत नाही. नेदरलँड्समध्ये याकोबस आर्मिनियसने याला आव्हान दिलं. माणूस देवाची कृपा नाकारू शकतो, असं त्याचं म्हणणं. 1618-19 मध्ये डॉर्ट इथल्या सभेने आर्मिनियसच्या अनुयायांना चूक ठरवलं. पण त्यांचा विचार संपला नाही. अठराव्या शतकात जॉन वेस्लीमार्फत तो मेथडिस्ट चळवळीत गेला. आज बॅप्टिस्टांमध्ये दोन्ही बाजूंचे लोक भेटतात.

कॅथलिकांच्या मते गंभीर पापाने कृपा हरवते, पण पश्चात्ताप आणि पापनिवेदनाने परत मिळते.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चला हा प्रश्नच थोडा चुकीचा वाटतो. त्यांच्याकडे तारण म्हणजे कोर्टातला निकाल नाही, आजाऱ्याचं बरं होणं आहे. देवाच्या जीवनात हळूहळू सहभागी होत जाणं, याला ते ‘थिओसिस’ म्हणतात. त्यामुळे ‘तुझं तारण झालंय का?’ असं विचारलं तर ‘होतंय’ हे उत्तर त्यांना जवळचं वाटतं.

महाराष्ट्रातही हा प्रश्न गाजला

पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. पण बाप्तिस्मा झाला म्हणून प्रश्न संपले नाहीत. त्रैक्य, ख्रिस्ताचं देवत्व, चर्चचा अधिकार यावर त्यांनी आपल्या गुरू असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून जोरदार वाद घातला. ख्रिस्ती पंथांची संख्या बघून आपण चक्रावून गेलो होतो, असं त्यांनी नंतर लिहिलं. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी कबूल केलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र नंतर भेटला. विधी आणि अंतरीचा विश्वास यांतला फरक त्या स्वतः जगल्या.

कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तेव्हा त्यांचं घर अक्षरशः दुभंगलं. पत्नी लक्ष्मीबाई कितीतरी काळ त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. त्याच टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, 1917 मध्ये, ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त चालणार होते. ज्या विधीची त्यांनी एवढी किंमत मोजली, तीच अट दारावर लावायला ते तयार नव्हते.

आणि ज्यांनी ख्रिस्ताचं नावच ऐकलं नाही?

1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कॅथलिक भूमिका स्पष्ट केली. स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकबुद्धीला जागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. मात्र चर्च आवश्यक आहे हे कळूनही जो ते नाकारतो, त्याचं तारण होऊ शकत नाही, हेही त्याच दस्तऐवजात आहे.

इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांची भूमिका जास्त कडक आहे. 1974 च्या लॉझान करारनाम्यात म्हटलंय, की निसर्गातून देवाची थोडी ओळख सगळ्यांना होते, पण तेवढ्याने तारण होत नाही. 2011 मध्ये अमेरिकन पास्टर रॉब बेल यांनी ‘लव्ह विन्स’ या पुस्तकात, शेवटी देव सगळ्यांनाच जिंकून घेणार नाही का, असा प्रश्न टाकला. पुस्तक बाजारात येण्याआधीच जॉन पायपर या ज्येष्ठ पास्टरांनी ट्विटरवर तीन शब्दांत त्यांना निरोप देऊन टाकला. बहिष्काराची पद्धत बदलली, एवढंच.

मग फीनींचं काय झालं?

1972 मध्ये चर्चने फादर फीनींना पुन्हा सामावून घेतलं. तोवर व्हॅटिकन परिषद होऊन गेली होती आणि चर्चची भूमिका त्यांच्या मतापासून आणखी लांब गेली होती. तरीही त्यांना मत मागे घ्यायला लावलं गेलं नाही. 1978 मध्ये त्यांचं निधन झालं, ते कॅथलिक फादर म्हणूनच.

चर्चबाहेर कुणाला जागा नाही, असं आयुष्यभर सांगणाऱ्या माणसासाठी शेवटी चर्चनेच दार उघडलं. तेही, तो चुकतोय असं वाटत असताना.