'काँग्रेस रेडिओ' : मीटर आणि मेगाहर्ट्झ

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओचे परवाने स्थगित केले. कसब मात्र स्थगित होत नाही. हौशी रेडिओत हात बसलेल्या नरिमन प्रिंटर यांनी मुंबईत प्रक्षेपक जुळवला आणि २७ ऑगस्ट १९४२ रोजी उषा मेहता व सहकाऱ्यांचा 'काँग्रेस रेडिओ' ४२.३४ मीटरवर बोलू लागला. पोलिसांना चुकवण्यासाठी जागा सतत बदलावी लागे. १२ नोव्हेंबरला केंद्र पकडले गेले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

वर्गात भागाकार करून घ्यावा : ३०० ÷ ४२.३४ = सुमारे ७.०९ मेगाहर्ट्झ. हा तर हौशींचाच ४० मीटरचा पट्टा! आंदोलक, वर्धक, मॉड्युलेटर, एरियल ही रचना दोन्हीकडे सारखीच असते.

म्हणूनच उलटा प्रवासही होतो. अमेरिकेत निवृत्त मध्यमलहरी प्रक्षेपक हौशी मंडळी वापरात आणतात. १५०० किलोहर्ट्झवरून १८३० वर जायचे, म्हणजे वारंवारता १.२२ पट करायची. त्यासाठी प्रवर्तकत्व व धारकता यांचा गुणाकार सुमारे दोन तृतीयांश व्हावा लागतो. अर्थात कॉइलची वेटोळी कमी करायची. मात्र वीज तोडल्यावरही धारित्रांत जीवघेणा दाब उरतो. आधी ती रिकामी करावीत, मगच हात लावावा.