सर्वांच्या देखत झालेला खून



कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने इंग्रजी रहस्यकथेवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी मी कारखान्याच्या नोटिसा आणि कोर्टाचे निकाल वाचता वाचता शिकलो. हे पुस्तकही शब्दकोश शेजारी ठेवूनच वाचले. त्यातल्या शिव्या मात्र शब्दकोशात सापडेनात, म्हणून तरुण मित्रांना विचाराव्या लागल्या. पुस्तकाचे नाव ‘डेड फेमस’. लेखक बेन एल्टन हा लंडनचा, मुळात रंगमंचावर उभा राहून लोकांना हसविणारा. १९९६ साली त्याने ‘पॉपकॉर्न’ ही सिनेमातल्या हिंसेची थट्टा करणारी कादंबरी लिहिली आणि तिला इंग्लंडातल्या गुन्हेकथा-लेखकांच्या संस्थेचे मोठे पारितोषिक मिळाले. ‘डेड फेमस’ त्यानंतरची, २००१ सालची.

तिची पार्श्वभूमी अशी. १९९९ साली हॉलंडमध्ये ‘बिग ब्रदर’ नावाचा खेळ दूरचित्रवाणीवर सुरू झाला. काही अनोळखी माणसे एका घरात कोंडायची, जागोजाग कॅमेरे लावायचे आणि त्यांचे उठणे-बसणे, भांडणे, रुसवे-फुगवे जगाला दाखवायचे. प्रेक्षकांनी मते देऊन एकेकाला बाहेर काढायचे. शेवटी उरेल त्याला बक्षीस. नाव घेतले ऑर्वेलच्या १९४९ सालच्या कादंबरीतून. वाचणाऱ्याला धडकी भरावी म्हणून त्याने योजलेले नाव पन्नास वर्षांत करमणुकीची पाटी झाले! २००० साली हा खेळ इंग्लंडात आला, २००६ साली ‘बिग बॉस’ या नावाने हिंदीत आणि २०१८ साली मराठीत. आपल्यापैकी किती जणांनी तो पाहिला आहे, हे मी हात वर करून सांगायला लावत नाही.

एल्टनच्या घरात दहा तरुण-तरुणी आहेत, तीस कॅमेरे आहेत, चाळीस मायक्रोफोन आहेत. सत्ताविसाव्या रात्री तेथे खून होतो, आणि तो कॅमेऱ्यासमोर होतो. बाकीची मंडळी एका अंधाऱ्या, कोंदट झोपडीत खेळात दंग असताना चादर पांघरलेली एक आकृती येते, सुरी चालविते आणि निघून जाते. चित्र हाताशी आहे, पण चादरीखाली कोण ते चित्रात दिसत नाही. तपास येतो कोलरिज नावाच्या जुन्या वळणाच्या इन्स्पेक्टरकडे. हौशी नाटक मंडळीत मॅकबेथ करायला मिळावा एवढीच ज्याची हौस, त्या गृहस्थाला या कार्यक्रमाच्या ढीगभर फिती बसून पाहाव्या लागतात. ज्याचा तिटकारा, तेच पाहणे हे त्याचे काम होऊन बसते. हाताखालची तरुण माणसे त्याला कोण कोणाची लाडकी हे समजावून देतात, तेव्हा खरोखर हसू येते.

परंतु लेखकाची खरी करामत निराळीच आहे. खून झाला हे आरंभीच कळते. मेले कोण, हे मात्र तो बराच काळ सांगत नाही. एरवी रहस्यकथेत आपण खुनी शोधतो, येथे आधी प्रेत शोधावे लागते. मग काय होते? वाचता वाचता आपण मनात निवड करू लागतो. हा फार आगाऊ आहे, हा मेला असेल तर बरे. ती बिचारी चांगली आहे, ती वाचावी. शंभरेक पाने अशी गेल्यावर माझ्या ध्यानात आले की मी चक्क मत देत होतो. जो खेळ मी नावे ठेवीत वाचत होतो, त्यातला मी एक प्रेक्षक झालो होतो. खुनी कोण, ते मी सांगणार नाही. वाचनालयात रांग लावणाऱ्याचा तो हक्क आहे.

खून झाल्यावर खेळ बंद पडतो का? नाही. उरलेले स्पर्धक आतच राहतात, पाहणारे वाढतात, कंपनीची मिळकत वाढते. मला हेच पान सर्वांत काळे वाटले. कारखान्यात माणूस यंत्रात सापडला की निदान तेवढा वेळ तरी यंत्र थांबते. मालक कितीही कठोर असो.

कारखान्याची तुलना येथे कशाला, असे कोणी म्हणेल. तर फ्रान्समधली एक हकीगत ऐका. अशाच एका कार्यक्रमातले स्पर्धक कोर्टात गेले. ते म्हणाले, आम्ही कंपनीच्या सांगण्याप्रमाणे उठत होतो, बसत होतो, भावना दाखवीत होतो. मग आम्ही नोकर नव्हे काय? कंपनी म्हणाली, हा तर खेळ, यात काम कसले? ३ जून २००९ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हे काम आहे, हा नोकरीचा करार आहे. तो निकाल वाचून मला त्या काल्पनिक घरातल्या दहा जणांची आठवण झाली. त्यांच्याजवळ असा कागद नव्हता.

आता ज्यामुळे हे पुस्तक माझ्या मनातून जात नाही, ते सांगतो. आमच्या संघटनेच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर एका कामगाराचा हात गेला. वर कॅमेरा होता. कोण किती वेळा लघवीला गेला हे त्यातून बिनचूक निघे. परंतु चौकशीत आम्ही चित्रण मागितले, तेव्हा ते मिळायला चार महिने लागले. तोपर्यंत तेच चित्रण निम्म्या गावाच्या फोनवर फिरून आले होते. कोणी काढून दिले, ते कळले नाही. मलाही आले. मी ते एकदा पाहिले ते चौकशीसाठी. दुसऱ्यांदा कशासाठी पाहिले, याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

नुकसानभरपाई पुढे मिळाली. पण त्या कामगाराची बायको पहिल्याच दिवशी मला म्हणाली होती, “भाऊ, पैसे मिळतील तेव्हा मिळतील, आधी ते लोकांच्या फोनवरनं काढायला सांगा.” ते मला आजवर जमलेले नाही.