परगांवीं राहून पाहुण्यांचें घर चालविणें

आपल्या मंडळाच्या कित्येक सभासदांचें घर एका गांवीं व बिऱ्हाड दुसऱ्या गांवीं असतें. मुलांच्या शिक्षणासाठीं अगर नोकरीसाठीं शहर धरावें लागतें, आणि गांवचें घर कुलुपांत पडतें. कुलुपांतल्या घरास वाळवी, ओल व उंदीर हे तीन बिनभाड्याचे कुळ आपोआप मिळतात. असें घर दोन-चार दिवसांच्या मुक्कामास येणाऱ्या प्रवाशांस द्यावें, ही कल्पना अलीकडे पुष्कळांच्या मनांत येऊं लागली आहे. आम्ही ती 2021 सालीं अमलांत आणली. घर गुहागर तालुक्यांत आणि आमचें राहणें साताऱ्यास. कुंभार्ली घाट उतरून तेथें पोहोंचेपर्यंत अर्धा दिवस मोडतो. या व्यवहारांत आम्हांस जें कळलें, व जें उशिरां कळलें, तें येथें मांडतों.

प्रथम कागद. घर गांवठाणांत असेल तर त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्यें कोणाच्या नांवें आहे तें पाहावें. गांवठाणाबाहेर असेल तर सातबारावर कोणाकोणाचीं नांवें आहेत व जमीन अकृषिक झालेली आहे कीं नाहीं, हें पाहावें. वडिलार्जित घर असल्यास सर्व हिस्सेदारांची संमति लेखी घ्यावी. घर बंद असतें तोंपर्यंत हिस्सा कोणी मागत नाहीं. पहिले पाहुणे उतरले कीं चुलतभावांस हिस्सा आठवतो. राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे निवास व न्याहारी योजनेखालीं नोंदणी करतां येते, आणि घर शेतावर असून शेती दाखविण्याचा बेत असेल तर 2020 सालच्या कृषि पर्यटन धोरणाचा मार्ग आहे. वीजजोडणीचा दर बदलतो किंवा कसें, हें वीज कंपनीस त्याच वेळीं लेखी विचारून ठेवावें.

पाहुणा हा भाडेकरी नव्हे, ही गोष्ट नवख्या मालकानें नीट समजून घेतली पाहिजे. 1882 च्या सुविधाधिकाराच्या कायद्यांतील कलम 52 प्रमाणें त्यास केवळ राहण्याचा परवाना असतो, घरांत कसलाही हक्क उत्पन्न होत नाहीं. परंतु तोच मनुष्य सहा महिने राहूं म्हणेल, तर तें प्रकरण निराळें. त्यास 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागतो व करार लेखी करून नोंदवावा लागतो. प्रत्येक पाहुण्याचें ओळखपत्र पाहून नांव, गांव व येण्या-जाण्याची तारीख वहींत लिहावी. परदेशी पाहुणा आल्यास त्याची माहिती 24 तासांच्या आंत सरकारी संकेतस्थळावर भरावी लागते. आपण दूर असलों तरी ही जबाबदारी मालकाचीच.

आतां पैशाकडे वळूं. समजा, दोन खोल्यांचें घर एका रात्रीस 3000 रुपयांनीं दिलें. कोणी आलें न आलें तरी होणारा वार्षिक खर्च असा धरूं: देखरेख करणाऱ्यास महिना 4000 प्रमाणें 48,000, वीज व इंटरनेट 24,000, कौलांची शाकारणी, रंग व किरकोळ दुरुस्ती 30,000, एकूण 1,02,000. पाहुणा आला म्हणजे होणारा खर्च रात्रीमागें असा: धुणें व सफाई 250, देखरेख करणाऱ्याचा जादा मेहनताना सरासरी 150, आणि गिऱ्हाईक जुळवून देणाऱ्या संकेतस्थळाची दलाली शेंकडा 15 धरल्यास 450, मिळून 850. म्हणजे एका रात्रीमागें हातीं 2150 राहतात. 1,02,000 भागिले 2150 केलें असतां उत्तर साडेसत्तेचाळीसच्या जवळ येतें. अर्थात् वर्षांत 48 रात्री भरल्या तेव्हां कोठें खर्च निघाला. 70 रात्री भरल्यास 48,500 उरतात, आणि 40 च भरल्यास पदरचे 16,000 जातात. घरपट्टी व आयकर यांत धरलेले नाहींत. हे आंकडे उदाहरणाचे आहेत. प्रत्येकानें आपले घालून पाहावे, परंतु पलंग व गाद्या विकत घेण्यापूर्वीं पाहावे. आम्ही गाद्या आधीं घेतल्या.

खरा प्रश्न मात्र माणसाचा आहे. दूर राहणाऱ्या मालकाचे डोळे, हात व अब्रू हीं तीनहि एकाच माणसाच्या स्वाधीन असतात. त्यास नुसता महिना दिला तर पाहुणा येणें म्हणजे त्याला कामाची कटकट वाटते. नुसता वांटा दिला तर पावसाळ्यांत घराकडे फिरकण्याचें त्यास कारण उरत नाहीं. म्हणून थोडा महिना व दर मुक्कामामागें ठराविक रक्कम, अशी दुहेरी पद्धत आम्हांस पटली. किल्ली पेटींत ठेवून पेटीचा आंकडा फोनवर कळविण्याची तऱ्हा शहरांत ठीक आहे. खेड्यांत पाहुण्यास दारांत कोणीतरी "या, बसा" म्हणणारा पाहिजे. विहिरीचें पाणी कोणत्या नळास व पिण्याचें कोणत्या, हें दाखविणाराहि पाहिजे.

येथें आमची एक चूक सांगणें भाग आहे. आमचें घर शेजारच्या वाडींतील एक गृहस्थ पाहतात. वीजमीटरच्या आंकड्याचें छायाचित्र दर शनिवारीं फोनवर पाठवावें, असा आम्हीं त्यांस नियम घालून दिला होता. 2023 सालच्या ऑक्टोबरांत घर वीस दिवस रिकामें असतां मीटर नेहमींपेक्षां 60 युनिटांनीं पुढें गेलेला दिसला. तीस वर्षें दुसऱ्याचीं दप्तरें तपासण्याची खोड! आमच्या मनानें घेतलें कीं घर आम्हांस न कळवितां कोणास तरी दिलें जात आहे, आणि तसें आम्ही फोनवर बोललों. ते गृहस्थ एवढेंच म्हणाले, "भाऊसाहेब, आंकडा तुमच्याकडे आहे, घर माझ्याकडे आहे. आधीं येऊन बघा, मग बोला." दुसऱ्या दिवशीं त्यांनीं किल्ली आमच्या चुलत्यांकडे नेऊन दिली.

दिवाळी तोंडावर आली होती. त्या आठवड्यांत तीन कुटुंबांनीं आगाऊ पैसे भरलेले होते, तेव्हां आम्ही सहकुटुंब घाट उतरलों. गेल्यावर आढळलें असें कीं, टाकीपासून न्हाणीघराकडे जाणारी जमिनींतील नळी फुटलेली होती. जांभ्याची जमीन पाणी जिरविते. अंगणांत ओलसुद्धां दिसत नव्हती. टाकी रिकामी झाली कीं स्वयंचलित कळ पंप सुरूं करी. एक अश्वशक्तीचा पंप तासास सुमारें एक युनिट खातो. रोज तीन तास जादा चालला तर वीस दिवसांत बरोबर 60. हा गुणाकार साताऱ्यास बसूनहि करतां आला असता. आम्ही त्यांच्या घरीं जाऊन, त्यांच्या वडील मुलाच्या देखत, चूक कबूल केली. त्यांनीं चहा दिला, पण होकार दिला नाहीं. ती दिवाळी आम्हीं उभयतांनींच पाहुण्यांच्या चादरी धुण्यांत घालविली. एका कुटुंबास तर न्हाणीघरांत पाणी नसल्यामुळें पैसे परत द्यावे लागले. संक्रांतीनंतर ते गृहस्थ पुन्हां कामावर आले. त्यांच्या अटी दोन: संशय आल्यास आधीं विचारावें, आणि टाकीखालीं हातानें बंद करण्याची झडप बसवावी. घर रिकामें झालें कीं आतां ती झडप व पंपाची कळ दोन्ही बंद होतात.

मीटरचें छायाचित्र आम्ही अजून मागवितों. त्याबरोबर प्रत्येक मुक्काम संपल्यावर नगांची यादी ताडून पाहण्याची पद्धत ठेवली आहे: चादरी किती, पेले किती, पंख्याची कळ चालते कीं नाहीं. यादी भिंतीवर टांगलेली असावी. पाहुण्यासहि ती वाचतां येते, व मग वाद उरत नाहीं.

आरक्षणाची वही एकच ठेवावी. घर दोन संकेतस्थळांवर घातलें, शिवाय मेहुण्यानें फोनवर कोणास शब्द दिला, कीं एका रात्रीस दोन कुटुंबें दारांत उभीं राहतात. शब्द कोणीहि घ्यावा, परंतु तारीख देण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असावा. आमच्या घरीं तो सौभाग्यवतींकडे आहे.

शौचकुपाची क्षमता पाहून माणसांची संख्या ठरवावी. खोलींत गाद्या किती मावतात यावरून ठरवूं नये. कोंकणांत जून ते सप्टेंबर घर बंद ठेवणें आम्हांस परवडतें. तेवढ्यांत गाद्या उभ्या करून ठेवाव्या, आठवड्यांतून एकदां दारें-खिडक्या उघडून वारा खेळवावा, व शाकारणी मेअखेरपर्यंत उरकून घ्यावी. गणपतीचे दिवस मात्र कोणत्याहि भावानें पाहुण्यांस देऊं नयेत. त्या वेळीं मुंबईहून घरचींच माणसें येतात, आणि चतुर्थीची तारीख दरसाल बदलते. यास्तव नवें पंचांग हातीं पडतांच ते दिवस आरक्षणाच्या वहींत खोडून टाकावे.