पानपिंपळी : वऱ्हाडच्या मळ्यातून क्षयाच्या गोळीत

वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनच्या शेतकऱ्याला वनौषधी शेतीचा शास्त्रीय सल्ला शेजारच्या जिल्ह्यातच मिळतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात (स्थापना १९६९) नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. सफेद मुसळी, शतावरी, अश्वगंधा ही नावं आपल्याकडे ओळखीची. पण खरी थोर कहाणी पानपिंपळीची.

अंजनगाव सुर्जी, अकोट भागातले बारी समाजाचे शेतकरी पानमळ्याच्या अनुभवावर हा वेल पिढ्यान्‌पिढ्या जोपासत आले. त्याला सावली हवी, ओल हवी. विदर्भाच्या उन्हाळ्यात ते सोपं नाही. कणसं पिकण्याआधी तोडून वाळवतात. सुंठ, मिरे आणि हीच पिंपळी मिळून आयुर्वेदातलं त्रिकटू होतं.

पिंपळीतलं पायपरिन इतर औषधं शरीरात अधिक शोषली जायला मदत करतं. जम्मूच्या एका प्रयोगशाळेत या गुणावर झालेल्या संशोधनातून क्षयरोगावरची रिसोरिन ही गोळी आली. तिच्यात नेहमीच्या ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम रिफाम्पिसिन हे क्षयाचं औषध आणि १० मिलिग्रॅम पायपरिन असतं. वैद्यांचं ज्ञान प्रयोगशाळेत तपासलं गेलं, हे मोलाचं.

क्षयरुग्णांनी मात्र घरची पिंपळी खाऊन डॉक्टरांनी दिलेला डोस स्वतःहून कधीही कमी करू नये.